रान पिंगळा आणि त्याच्या पायाची चिठ्ठी

नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार किंवा प्रकाशाचे संगमतीर्थ हे त्याचे कारण नव्हे. शहाद्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या जेमतेम वीतभर उंचीच्या एका घुबडामुळे हे घडले. त्या घुबडाचे मराठी नाव रान पिंगळा. हा पक्षी ११३ वर्षे कोणाच्याही खात्रीलायक नजरेस पडला नव्हता. त्याला हरवून टाकण्यात एका लबाडाचा मोठा हात होता आणि तो पुन्हा सापडला तो एका प्रामाणिक अधिकाऱ्याने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीमुळे. या सूत्रात त्या दोन चिठ्ठ्यांचा इतिहास पाहू.

साधा पिंगळा मराठी माणसाला नवा नाही. गावाबाहेरच्या वडा-पिंपळाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत तो राहतो आणि तिन्हीसांजेला त्याचा किचकिचाट सुरू होतो. पहाटेच्या अंधारात दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या लोकांनाही आपल्याकडे पिंगळाच म्हणतात, कारण त्यांना या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. रान पिंगळा मात्र गावाच्या वाटेला जात नाही. डोंगरउताराचे सागाचे विरळ रान हे त्याचे घर. साध्या पिंगळ्याशी त्याचे साम्य इतके आहे की दोघांतील भेद न समजल्याने पुढे बराच घोटाळा झाला. त्याकडे नंतर येऊ.

विज्ञानाच्या दप्तरात रान पिंगळ्याची पहिली नोंद १८७३ सालची. आदल्या वर्षाच्या डिसेंबरात एफ. आर. ब्लूइट नावाच्या गृहस्थाने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक घुबड मारले आणि त्याचे कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे धाडले. हे ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांचा प्रचंड संग्रह सिमल्याच्या आपल्या बंगल्यात उभा केला होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिकही ते स्वतः चालवीत. त्याच नियतकालिकात त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले आणि ब्लूइटच्या सन्मानार्थ त्याचे नामकरण केले: ‘हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी’. हा पक्षी इतर पिंगळ्यांहून वेगळ्या कुळीचा आहे, असे ह्यूम यांचे मत होते.

त्या काळच्या पक्षिनिरीक्षणाची रीत आजच्या वाचकाला क्रूर वाटेल. छायाचित्रणाची उपकरणे अवजड होती आणि उडत्या, हलत्या पक्ष्याचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून निरीक्षक बंदूक घेऊन जात. पक्षी मारावा, कातडे सोलावे, आत कापूस भरावा, शिवून वाळवावे आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी असा क्रम असे. चिठ्ठीवर दिनांक, ठिकाण, नर की मादी आणि मारणाऱ्याचे नाव. कापूस भरलेल्या त्या देहाचे शास्त्रीय मोल पुष्कळसे या चिठ्ठीवर अवलंबून असते. चिठ्ठी हरवली तर उरते ती केवळ पिसे. चिठ्ठी खोटी असेल तर त्याहून वाईट, कारण बिनचिठ्ठीच्या नमुन्यावर निदान कोणी विश्वास ठेवीत नाही.

आता खानदेशात येऊ. त्या वेळी खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले आणि पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. या जिल्ह्यात १८८०च्या आसपास जेम्स डेव्हिडसन हा मुलकी सेवेतील स्कॉटिश अधिकारी नेमणुकीवर होता. फिरतीच्या काळात तंबू ठोकून गावोगाव हिंडणे हे या अधिकाऱ्यांचे कामच असे. डेव्हिडसनने त्या फिरतीचा उपयोग पक्षी पाहण्यासाठी केला. १८८२ साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि तिला नाव दिले ‘कच्ची यादी’. कच्ची म्हणवणारी ही यादी चाळीसहून अधिक पानांची आहे! शहादा आणि तळोदा परिसरातील सातपुड्याच्या रानात त्याला रान पिंगळा एकदा नव्हे, अनेकदा मिळाला. त्याने नमुने केले, चिठ्ठ्या बांधल्या आणि ते नमुने कालांतराने इंग्लंडच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले.

यापलीकडे रान पिंगळ्याची पुंजी फार नाही. व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाला १८७७ साली आजच्या ओडिशातील खरियार भागात एक मिळाला होता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने. डेव्हिडसनची बदली झाली. पुढे कारवारकडे असताना त्याने ई. एच. एटकन आणि टी. आर. बेल यांच्यासह फुलपाखरांवर मोठे काम केले. ह्यूम यांच्या बाबतीत विपरीत घडले. त्यांची अनेक वर्षांची पक्षिविषयक हस्तलिखिते घरच्या नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. त्या धक्क्यानंतर त्यांनी पक्षिशास्त्रातून अंग काढून घेतले आणि सुमारे ८२,००० कातडी व अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. १८८४ नंतर रान पिंगळ्याची नवी नोंद आली नाही. पाहणारेच निघून गेले होते, हे त्याचे एक कारण असावे.

नवी नोंद आली नाही, याला एक अपवाद होता. त्या सातांपैकी ब्रिटिश म्युझियममधील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल होते, ठिकाण होते गुजरातेतील तापीकाठचे मांडवी आणि संग्राहकाचे नाव कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन.

या माणसाची ओळख करून देणे अवघड, कारण त्याच्याविषयी जी माहिती प्रचलित आहे तिचा मोठा भाग त्यानेच पुरविलेला आहे. इंग्रज सेनाधिकारी, हेर, शिकारी, पक्षितज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात १९१७ साली गाझाच्या आघाडीवर खोट्या कागदपत्रांची पिशवी तुर्कांच्या हाती पडू देऊन त्यांची दिशाभूल करण्यात आली. त्या युक्तीचे श्रेय त्याने स्वतःकडे घेतले. ते त्याचे नव्हतेच, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पक्ष्यांच्या क्षेत्रात त्याचा दबदबा मोठा होता. आपले सालीम अली १९३७ साली त्याच्यासोबत अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर गेले होते. १९५४ साली त्याने सुमारे वीस हजार पक्ष्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला. म्युझियमने तो कृतज्ञतेने स्वीकारला. याच म्युझियमने काही दशकांपूर्वी, नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याच्या संशयावरून, त्याला पक्षिविभागात येण्यास मनाई केली होती. संशय होता, पण उघडपणे बोलले गेले नाही. प्रतिष्ठित माणसाविषयी बोलायचे नाही, ही सभ्यता शास्त्राला फार महाग पडली.

मांडवीच्या चिठ्ठीचा परिणाम काय झाला? रान पिंगळ्याची सर्वांत अलीकडची नोंद म्हणून ग्रंथकारांनी ती प्रमाण मानली. पक्षी विसाव्या शतकात जिवंत होता आणि तो तापीच्या खालच्या अंगाला होता, असा समज रूढ झाला. शोध घेणाऱ्यांनी साहजिकच ही नोंद हिशेबात धरली. स्वतः सालीम अली आणि अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी या पक्ष्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. हाती काही लागले नाही. पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, अशी भाषा सुरू झाली.

दुसरा घोटाळा ओळख पटवण्याचा होता. अधूनमधून कोणीतरी रान पिंगळा पाहिल्याचे कळवीत असे. छायाचित्रही प्रसिद्ध झाले. बारकाईने पाहता ते साध्या पिंगळ्याचे निघाले. यात छायाचित्रकाराला दोष देऊन भागणार नाही. ज्या पुस्तकांवरून ओळख पटवायची, त्यांतील चित्रे कपाटातल्या मोजक्या कातड्यांवरून काढलेली होती आणि जिवंत पक्षी पाहिलेला एकही चित्रकार नव्हता. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रान पिंगळ्याचा माथा आणि पाठ जवळजवळ कोरी तपकिरी असते. त्याचे डोके व चोच मोठी, पायांवर दाट पांढरी पिसे, पंख व शेपटी यांवर ठळक पट्टे आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. हे सगळे कातड्यांवरही दिसत होते. कोणी ती एकत्र मांडून नीट पाहिली नव्हती, एवढेच.

ते काम नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी केले. त्या रिप्ली यांच्या साहाय्यक होत्या आणि भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या नव्या मार्गदर्शक ग्रंथाची तयारी करीत होत्या. त्यासाठी संग्रहालयांतील नमुने तपासताना मायनर्ट्झहागेनच्या नोंदी त्यांना खटकू लागल्या. १९९३ साली ॲलन नॉक्स या अभ्यासकाने त्याच्या काही नमुन्यांची लबाडी प्रसिद्ध केलीच होती. रासमुसेन आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी तपास पुढे नेला, तेव्हा असे शेकडो नमुने उघडकीस आले. पद्धत अशी: म्युझियममधील जुना नमुना उचलायचा, मूळ चिठ्ठी काढून टाकायची, क्वचित आतला कापूस बदलून पुन्हा शिवायचे, नवी चिठ्ठी बांधायची आणि कालांतराने तोच नमुना ‘आपला’ म्हणून त्याच म्युझियमला दान करायचा.

रान पिंगळ्याच्या बाबतीत तपास जवळजवळ गुन्हेशोधाच्या थाटाचा होता. पक्ष्याचे कातडे तयार करण्याची प्रत्येकाची शैली निराळी असते. कापूस कसा भरला, टाका कुठे घातला, पंख कसे बसवले यावरून जाणकाराला हात ओळखता येतो; शिंप्याला दुसऱ्या शिंप्याचा टाका ओळखू यावा तसे. मांडवीचा म्हणवणारा नमुना पुन्हा उघडून भरलेला होता. क्ष-किरण चित्रे व इतर तपासण्या झाल्या, तेव्हा नव्या भरणीखाली मूळ कारागिराच्या खुणा शिल्लक असल्याचे दिसले. त्या मायनर्ट्झहागेनच्या पद्धतीशी जुळेनात. डेव्हिडसनच्या पद्धतीशी जुळल्या. म्हणजे १९१४ साली मांडवीला मारलेला म्हणून दाखवलेला पक्षी वस्तुतः १८८०च्या दशकात खानदेशात मारलेला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा निष्कर्ष १९९९ साली ‘आयबिस’ या शोधपत्रिकेत सविस्तर मांडला.

एक चिठ्ठी बाद झाली आणि नकाशा एकदम स्वच्छ झाला. मांडवी गळाले. उरली ती बसना-फुलझर, खरियार आणि खानदेशातील शहादा-तळोदा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. त्यांनी आधी पूर्वेकडची ठिकाणे पाहिली आणि तेथे त्यांना पक्षी मिळाला नाही. मग आठशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांत लिहिलेल्या मुलखात ते आले.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, उघड्या फांदीवर बसलेले एक घुबड बेन किंग यांना दिसले. त्यांनी हळू आवाजात इतरांचे लक्ष वेधले. माथ्यावर ठिपके नव्हते आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले होते. घुबड भर उन्हात बसून राहिले, हेही विशेषच. रान पिंगळा दिवसा वावरतो हे नंतरच्या अभ्यासात पक्के झाले. या वेळी बंदुकीची गरज नव्हती. चित्रफीत घेतली गेली, छायाचित्रे निघाली आणि ११३ वर्षांनंतरचा पहिला पुरावा एकही पीस न सांडता तयार झाला. शोधाचे वृत्त ‘फोर्कटेल’ या आशियाई पक्ष्यांच्या शोधपत्रिकेत १९९८ साली आले.

येथे एक टीप आवश्यक. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात नव्हता. शहादा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे जुन्या लेखांत ‘धुळे’ आणि नव्यांत ‘नंदुरबार’ असे दिसले तर गोंधळू नये. डेव्हिडसनच्या काळचे ‘खानदेश’ आणि हे दोन्ही मिळून जागा एकच.

‘शोध लागला’ हा शब्दप्रयोगही जरा जपून वापरावा. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. रानातल्या पाखरांशी त्यांचा रोजचा संबंध. पक्षी हरवला होता तो शास्त्राच्या कागदावर. परंतु कागदावर नसलेल्या पक्ष्यासाठी जंगल राखा असे सरकारदरबारी कोणी सांगू शकत नाही, म्हणून त्या कागदाचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

पुढचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था डेव्हिडसनच्याच पिढीची. सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून सर्वेक्षण केले. तोरणमाळच्या पठाराभोवतीचे रान, शहादा-तळोद्याचे डोंगर, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार या भागांतून त्यांना पक्षी मिळाले. पहिल्या फेऱ्यांत मोजलेल्या पक्ष्यांची संख्या पंचवीसच्या घरात होती. घरटे झाडाच्या ढोलीत, भक्ष्य मुख्यत्वे सरडे-सापसुरळ्या आणि उंदीर, बसल्या जागी शेपटीला जोराचे झटके देण्याची सवय. ज्या पक्ष्याविषयी १२५ वर्षांत कातड्यापलीकडे काही ठाऊक नव्हते, त्याचा आवाजही प्रथमच ध्वनिमुद्रित झाला. त्याच वेळी हेही दिसले की शहाद्याच्या आसपासचे रान झपाट्याने कमी होत आहे. वृक्षतोड, वणवे आणि शेतीसाठी अतिक्रमण. ढोली असलेले जुने झाड गेले की घर गेले.

ह्यूम यांचे ‘वेगळी कूळी’ हे मतही शेवटी तपासले गेले. २०१८ साली भारतीय संशोधकांच्या गटाने डीएनएच्या आधारे दाखवून दिले की रान पिंगळा साध्या पिंगळ्याच्याच ‘अथेनी’ या प्रजातिगटात बसतो. ‘हेटेरोग्लॉक्स’ हे नाव मागे पडले. ‘अथेनी ब्लूइटी’ रूढ झाले. त्याच वर्षी जागतिक यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी सौम्य झाला. पक्षी वाढले असे नव्हे, अधिक ठिकाणी सापडले म्हणून.

आज तोरणमाळच्या वाटेवर मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेतलेले तरुण दिसतात. त्यांच्या छायाचित्रात दिनांक आपोआप नोंदला जातो, बहुतेकदा ठिकाणही. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर ते चढवले की डेव्हिडसनची चिठ्ठी नव्या रूपात तयार होते. तिच्यातही लबाडी शक्य आहे: दुसरीकडचे चित्र जवळचे म्हणून दाखवणे, दिनांक बदलणे, साध्या पिंगळ्याला रान पिंगळा म्हणणे. मायनर्ट्झहागेनला त्यासाठी निदान सुईदोरा लागत असे. आणि एक पेच डेव्हिडसनला पडला नव्हता. ठिकाण अचूक लिहावे, तर घरट्याभोवती गर्दी होते. मोबाइलवर आवाज वाजवून नराला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावले जाते आणि ऐन विणीच्या काळात तो भक्ष्य आणणे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हाकलीत बसतो. म्हणून या दोन्ही संकेतस्थळांनी संवेदनशील प्रजातींचे नेमके ठिकाण इतरांपासून झाकण्याची सोय ठेवली आहे. नोंद पूर्ण, दर्शन मर्यादित. घरट्याच्या छायाचित्रासाठी हा नियम अपुराच आहे. ते छायाचित्र घेऊच नये, हे बरे.

मांडवीच्या गोष्टीला एक विचित्र शेपूट आहे. अलीकडे रान पिंगळा गुजरातेतही सापडला, डांग जिल्ह्यातील पूर्णा अभयारण्यात. मांडवीपासून हे रान फार दूर नाही. लबाडाने केलेला अंदाज योगायोगाने सत्याच्या जवळपास गेला. तरी त्या चिठ्ठीला पुरावा म्हणता येत नाही. ज्या पक्ष्याच्या पायाला ती बांधली होती तो पक्षी खानदेशचाच होता.

आणि २०१४ साली मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, तानसा अभयारण्यात रान पिंगळा दिसला, त्याची छायाचित्रे निघाली. तानसाचा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो. शहरातले पक्षिनिरीक्षक दशकानुदशके तेथे जात आले होते. तानसाचे नाव कोणत्याही जुन्या चिठ्ठीवर नव्हते, म्हणून रान पिंगळ्यासाठी तेथे कोणी पाहिले नव्हते.